तुझे ओठ हलत होते, आवाज नव्हता

प्रिय ताई,

मी दोन वर्षांपासून विद्यापीठाच्या कॉयरमध्ये, म्हणजे समूहगानाच्या वृंदात गाते. सेकंड अल्टो, म्हणजे मुलींमधला सगळ्यांत खालचा आवाज, आम्ही पाच जणी आहोत. दोन महिन्यांनी कॉयर परदेश दौऱ्यावर जाणार आहे. 42 जण, 16 दिवस, तीन देश, नऊ कार्यक्रम. निवड चाचणीतून माझं नाव आलं, घरच्यांनी साठवलेल्यातून पैसे भरले. माझी जवळची मैत्रीण सोप्रानो, म्हणजे सगळ्यांत वरच्या आवाजात गाणारी आहे, ती माझ्यापेक्षा कितीतरी चांगली गाते, पण तिचं नाव आलं नाही. त्यानंतर आमच्यात नीट बोलणं झालेलं नाही.

खरं सांगायचं ते पुढेच आहे. गेल्या महिन्यातल्या कार्यक्रमाच्या दिवशी माझा घसा पार बसला होता. सरांना सांगितलं तर दौऱ्यातून काढतील, या भीतीनं मी कुणालाच काही बोलले नाही. उभी राहिले आणि पूर्ण कार्यक्रमभर नुसते ओठ हलवले. कुणाच्याच लक्षात आलं नाही. सरांनी शेवटी आम्हा सगळ्यांचं कौतुकही केलं. तेव्हापासून डोक्यात एकच घोळतंय, की मी नसले तरी चालतं. मग घरच्यांचे एवढे पैसे कशासाठी? घसा अजून अधूनमधून खरखरतो. त्यात मला सतत माणसांत राहिलं की गुदमरायला होतं, आणि तिथे एका खोलीत चौघी, शिवाय पाच दिवस अनोळखी कुटुंबाकडे मुक्काम. नाव मागे घेऊ का?

– मागच्या रांगेतली

प्रिय मागच्या रांगेतली,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात वाटलं, प्रश्न पैशांचा आणि गर्दीचा आहे. दुसऱ्यांदा मात्र एका वाक्याशी थबकले: ‘कुणाच्याच लक्षात आलं नाही.’ बाकीचं सगळं याच वाक्याच्या पोटातून आलंय, असं मला वाटतं. म्हणून आधी त्याचा हिशेब करू, अगदी आकड्यांत.

सारख्या ताकदीनं गाणाऱ्या पाच जणींपैकी एक गप्प झाली, तर त्या ओळीचा आवाज साधारण 1 डेसिबलनं उतरतो. शांत खोलीत कान देऊन ऐकलं तर जेमतेम कळेल, एवढाच तो फरक. भोवती आणखी 37 जण गात असतील तर तो कुठल्या कुठे बुडून जातो. दहा सोप्रानोंमधली एक थांबली तर फरक अर्ध्या डेसिबलच्याही आत राहतो. तेव्हा त्या संध्याकाळी तुझं गप्प राहणं कुणाला कळलं नाही, यावरून तुझ्या आवाजाची किंमत ठरवू नकोस. तुमच्यातली सगळ्यांत तयारीची मुलगी गप्प उभी राहिली असती, तरी समोरच्यांना तेच ऐकू आलं असतं. कॉयरमध्ये एकटीचा आवाज वेगळा ऐकू येऊ नये म्हणून तर आपण वर्षानुवर्षं घासतो. तो ऐकू आला नाही याचं दुःख करायचं कसं?

मग पाच जणी हव्यात तरी कशाला? एक कारण तुला कानानं ठाऊक आहे. पाच माणसं एकच सूर लावतात तेव्हा तो तंतोतंत एक कधीच नसतो. केसाएवढे फरक असतात, आणि त्या फरकांतूनच समूहाच्या सुराला ती झुळझुळ येते जी एकट्या गळ्यातून काढता येत नाही. दुसरं कारण श्वासाचं. सोळा मात्रांचा लांब सूर एकीच्या छातीत मावत नाही, म्हणून आपण पाळीपाळीनं श्वास घेतो. शेजारणीबरोबर श्वास घ्यायचा नाही, ओळ संपते तिथे घ्यायचा नाही, शब्दाच्या मधोमध, स्वर चालू असताना हळूच विरून जायचं आणि तितक्याच हळूच परत यायचं. ऐकणाऱ्याला वाटतं, सूर अखंड आहे. त्या अखंड सुरात प्रत्येक जण कधी ना कधी गप्प असतो. गप्प बसता येतं, कारण बाकीच्या चौघी ओळ धरून आहेत याची खात्री असते.

आता त्या संध्याकाळकडे परत बघ. तू थांबलीस, चौघींनी ओळ धरली, इथवर सगळं कॉयरच्या रीतीनंच झालं. चुकलं एवढंच, की चौघींना ते माहीतच नव्हतं. पाच जणींच्या हिशेबानं श्वास ठरवलेले होते आणि गात होत्या चौघी. एखाद्या ठिकाणी दोघींचा श्वास एकदम तुटला असता तर धरायला तू असशील, असं त्या गृहीत धरून होत्या. निभावलं, ते त्यांच्या पुण्याईनं. मला तुझ्या गप्प राहण्याबद्दल तक्रारच नाही. घसा बसलेला असताना गप्प राहिलीस हे उलट शहाणपणाचं केलंस. तक्रार आहे ती लपवण्याबद्दल, आणि ती मी प्रेमानं पण ठामपणे करते आहे.

कारण मी याच्या नेमकं उलट केलं होतं. विद्यार्थी असताना आमच्या दौऱ्यात तिसऱ्या कार्यक्रमाच्या सकाळी माझा घसा सुजला. मला चार ओळींचा सोलो होता. तो हातचा जाईल म्हणून मी कुणाला सांगितलं नाही आणि जोर लावून गायले. दुसऱ्या दिवशी बोलण्यापुरताही आवाज राहिला नव्हता. उरलेला दौरा मी प्रेक्षकांत बसून ऐकला. परत आल्यावर कित्येक आठवडे गाणं बंद होतं, वरचे सूर परत यायला त्याहून जास्त काळ लागला. माझ्या शेजारी उभ्या राहणाऱ्या मुलीला तो सोलो पूर्ण येत होता. माझ्या जागी ती सहज गायली असती. पण मी विचारलंच नाही, आणि तिला तो तयारीशिवाय, धावतपळत उभं राहून गावा लागला. इतकी वर्षं झाली, पण तिचा तो घाबरलेला चेहरा अजून डोळ्यांपुढे येतो. माझ्या गळ्याचं मी जे केलं त्यापेक्षा मी तिच्याशी जे वागले तेच मला जास्त सलतं.

म्हणून नाव मागे घ्यायच्या आधी दोन कामं कर. पहिलं, या आठवड्यात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना घसा दाखव. तू गातेस हे त्यांना आवर्जून सांग, म्हणजे ते वरवर न पाहता स्वरतंतूंपर्यंत नीट पाहतील. महिनाभरानंतरही आवाज खरखरत असेल तर तो ‘बरा होईल आपोआप’ म्हणून सोडून द्यायचा नसतो, गाणाऱ्यांनी तर नाहीच. पियानोवरच्या मधल्या ‘सी’च्या खालचा ‘जी’ हा सूर तुम्हा सेकंड अल्टोंना रोजचाच. तो गाताना स्वरतंतू सेकंदाला 196 वेळा एकमेकांवर आपटतात. तो सूर सलग तासभर धरला, तर सात लाखांहून जास्त वेळा. त्यावर सूज असताना नऊ कार्यक्रम करायचे म्हणजे काय, ते तूच समज.

दुसरं, सरांना भेट आणि सांग. निरोप पाठवू नकोस, चिठ्ठी नको, तालमीच्या घाईतही नको. वेळ मागून घे आणि पहिल्याच वाक्यात मुद्द्यावर ये: ‘सर, गेल्या कार्यक्रमात माझा घसा बसला होता, मी गायले नाही आणि तुम्हाला सांगितलंही नाही. डॉक्टरांना दाखवते आहे.’ सर नाराज होतील का? कदाचित होतील, तेवढा त्यांचा हक्क आहे. पण मी स्वतः कॉयर घेऊन फिरले आहे, म्हणून त्यांच्या बाजूनं सांगते. 42 जणांना घेऊन निघालेल्या माणसाला कुणाचा घसा बिघडणार याची भीती नसते. कुणाचा ना कुणाचा बिघडणारच असतो. भीती असते ती कळणार नाही याची. कळलं तर करण्यासारखं खूप असतं. तालमीत अर्ध्या आवाजात गायला सांगता येतं, एखाद्या कार्यक्रमाला बसवता येतं, फर्स्ट अल्टोमधली एखादी खाली आणता येते. दोन महिने आधी कळलं तर राखीव गायिका तयार करायलाही वेळ मिळतो. विमानतळावर कळलं तर काहीच करता येत नाही.

डॉक्टर ‘नको’ म्हणाले तर जाऊ नकोस. ‘चालेल’ म्हणाले तर माझं स्पष्ट मत आहे की तू जावंस. पुढचं सगळं तू जाणार असं धरून लिहिते.

दौऱ्यावर आवाज कुठे जातो, सांगू? मंचावर फार क्वचित. तो जातो बसमध्ये आणि जेवणाच्या टेबलाशी. गोंगाट वाढला की माणूस नकळत आवाज चढवतो. एत्येन लोम्बार्ड या फ्रेंच डॉक्टरनं 1911 मध्ये ही गोष्ट मांडली, म्हणून तिला लोम्बार्ड परिणाम म्हणतात. आपण ओरडतोय हे ओरडणाऱ्याला कळतच नाही, हीच त्यातली खरी अडचण. इंजिनाच्या घरघरीवर चार तास गप्पा, त्यावर गाण्याच्या भेंड्या, आणि संध्याकाळी कार्यक्रम. मी तर म्हणेन की तुम्ही सगळ्यांनीच ठरवून कार्यक्रमाच्या दिवशी बस शांत ठेवावी. आणि कुजबुजून बोललं की घसा वाचतो, हा समज सोडून दे. पुष्कळांच्या गळ्यावर कुजबुजण्यानं ताणच येतो. बोलायचं तर हळू पण मोकळ्या आवाजात, नाहीतर बोलूच नये.

विमानातली हवा फार कोरडी असते, तिथली आर्द्रता बहुधा 20 टक्क्यांच्याही खाली असते. पाणी पीत राहा, पण एक लक्षात घे: प्यायलेलं पाणी स्वरतंतूंना स्पर्शसुद्धा करत नाही, ते अन्ननलिकेतून जातं. ते रक्तातून तिथवर पोचायला वेळ लागतो. मंचावर जायच्या आधी गटागटा पाणी पिऊन तोंड ओलं होतं, बाकी काही होत नाही. पाणी आदल्या दिवसापासून प्यायचं. वाफ मात्र थेट पोचते. डोकेदुखीवर कुणी ॲस्पिरिन पुढे केली, तर गाण्याच्या दिवसांत ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नकोस. रक्त पातळ झालेलं असताना स्वरतंतूंवर ताण आला तर तिथे रक्तस्राव व्हायचा धोका वाढतो. सर्दीच्या काही गोळ्या घसा कोरडा करतात, म्हणून चालतील अशा औषधांची यादी निघण्याआधीच डॉक्टरांकडून लिहून घे. आणि पूर्वेकडे उड्डाण असेल तर झोप बसायला जास्त दिवस लागतात, पश्चिमेकडे कमी. पहिल्या दिवशी सूर खाली घसरले तर घाबरू नकोस, अर्ध्या कॉयरचे घसरलेले असतील.

आता ज्यासाठी मी तुला मुद्दाम ‘जा’ म्हणते आहे, त्याकडे येते. परदेश दौऱ्यात कॉयरला जे मिळतं ते टाळ्यांतून किंवा फोटोंतून मिळत नाही. रोज नवी जागा मिळते. वर्षभर तुम्ही एकाच तालमीच्या खोलीत गाता, तिच्या भिंती तुमच्या कानात बसलेल्या असतात. दौऱ्यावर आज लाकडी सभागृह, उद्या दगडी चर्च, परवा उघडं मैदान. तीच गाणी तिथे परत पहिल्यापासून ऐकावी लागतात.

आवाज थांबल्यावर त्याचा घुमारा 60 डेसिबलनं खाली यायला लागणारा वेळ, हे सभागृहाचं माप. चांगल्या संगीत सभागृहात तो दोन सेकंदांच्या आसपास असतो. मोठ्या दगडी कॅथीड्रलमध्ये पाच, सात, कुठे कुठे दहा सेकंदांच्याही वर जातो. म्हणजे तू एक ओळ गाऊन पुढची सुरू करतेस तेव्हा मागची अजून छताखाली फिरत असते. तिथे जलद गाणं गायलं तर सगळ्याचा चिखल होतो. लय सैल करावी लागते, व्यंजनं टोकदार आणि थोडी आधी टाकावी लागतात, विरामाला खरोखर थांबावं लागतं. व्हेनिसच्या सेंट मार्क्स बॅसिलिकात सोळाव्या शतकात संगीतकारांनी या घुमाऱ्याशी झगडा न करता त्यालाच कामाला लावलं. गायकांचे गट समोरासमोरच्या सज्जांत उभे करून एकानं गायचं, दुसऱ्यानं उत्तर द्यायचं. अशी रचना तुमच्या यादीत असेल आणि दुसरा गट 17 मीटरवर असेल, तर त्यांचा सूर तुझ्यापर्यंत सेकंदाच्या विसाव्या भागाइतका उशिरा येतो. कानावर विसंबून गायलीस तर मागे पडशील. तिथे सरांच्या हातावर नजर, बस्स.

आणखी एक फसवणूक रिकाम्या सभागृहाची. घुमाऱ्याचं गणित ज्यानं पहिल्यांदा मांडलं त्या वॉलेस सॅबिन यांनी 1895 च्या सुमारास हार्वर्डमध्ये ऑर्गन या वाद्याची एक नळी आणि घड्याळ घेऊन रात्री-रात्री मोजणी केली, दुसऱ्या सभागृहातल्या आसनांच्या गाद्या आणून रचल्या, काढल्या, परत रचल्या. त्यांना दिसलं की मऊ गोष्टी आणि माणसांची शरीरं आवाज शोषून घेतात. म्हणून दुपारच्या तालमीत जे सभागृह गोड घुमत होतं ते संध्याकाळी माणसांनी भरलं की एकदम कोरडं लागतं, आणि नवखी गायिका घाबरून जोर लावते. तू लावू नकोस. ज्या संध्याकाळी स्वतःचा आवाज फार स्पष्ट ऐकू येतो आणि शेजारणीचा येत नाही, त्या संध्याकाळी सगळे तसेच एकटे पडलेले असतात. दुपारी ठरवलेलं तसंच गायचं.

थंड दगडी चर्चमध्ये ऑर्गनसोबत गाणार असाल तर त्याचा सूर आधी ऐकून घ्या. दर अंशाला साधारण 3 सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) या हिशेबानं, हवा 10 अंशांनी गार असेल तर ऑर्गनच्या नळ्या अर्धस्वराच्या जवळपास एक तृतीयांशानं उतरतात. ऑर्गन तुमच्याकडे येणार नाही, तुम्हालाच त्याच्याकडे जावं लागेल. लॅटिनचंही तसंच, उच्चार इटालियन पद्धतीनं करायचे की जर्मन, हे सरांना आधीच विचारून घ्या. एकाच कॉयरमध्ये एकच शब्द निम्मे ‘चेली’ आणि निम्मे ‘त्सेली’ म्हणायला लागले की तो ‘च-त्स’चा सडा शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू येतो.

हे सगळं ऐकण्याचं काम आहे, गाण्याच्या आधीचं. फिलिपिन्स विद्यापीठातून 1963 मध्ये आंद्रेआ वेनेरासिओन यांनी उभा केलेला फिलिपिन मॅड्रिगल सिंगर्स हा गायकवृंद समोर कंडक्टरशिवाय, अर्धवर्तुळात बसून गातो. सूत्रधार गायकांतच, एका टोकाला बसलेला असतो. 1997 आणि 2007 अशी दोनदा त्यांनी युरोपियन ग्रां प्री ही कॉयरची स्पर्धा जिंकली. असं बसून गायचं तर प्रत्येकाला कायम दुसऱ्याकडे कान ठेवावा लागतो. त्यांची ध्वनिमुद्रणं सापडतील, पाहा. एखाद्याकडे बघून ‘हा सगळ्यांत चांगला गातो’ असं बोट दाखवता येतं का, ते बघ. तुझा घसा विश्रांतीवर असेल त्या दिवसांत तालमीला जा, स्वरलिपी हातात धर आणि नुसतं ऐक. आपली ओळ कुणाला चिकटलेली आहे, टेनरला की बासला, म्हणजे मुलांच्या वरच्या आवाजाला की खालच्या? कुठल्या सुरावर सोप्रानो तुमच्या आधारानं उभ्या आहेत? सेकंड अल्टोचा सूर पुष्कळदा त्रिस्वरातला, म्हणजे एकदम लागणाऱ्या तीन सुरांतला, नेमका तो असतो ज्याच्यावरून गाणं हसतंय की रडतंय ते ठरतं. तो सूर एक कणभर खाली गेला तर 42 जणांचा चेहरा बदलतो. ‘मी नसले तरी चालतं’ हे वाक्य तो सूर गाणाऱ्या मुलीच्या तोंडी मला पटत नाही.

गर्दीबद्दल. तुझं गुदमरणं खरं आहे आणि त्यासाठी कुणाची माफी मागायची गरज नाही. 16 दिवसांत गाणं रोजचं दीड-दोन तास असेल, उरलेला सगळा वेळ माणसांत काढायचा असतो. दौरे मोडतात ते तिथे. खोलीतल्या तिघींना पहिल्याच रात्री सांग, की सकाळी पहिला तास मी बोलणार नाही, रागावले आहे असं समजू नका. हे पहिल्या रात्री सांगितलं तर साधी गोष्ट असते, सहाव्या रात्री सांगितलं तर भांडण होतं. रोज अर्धा तास एकटीनं चालून ये, पण कुणाला तरी सांगून आणि फोन चालू ठेवून. एखादं शहर-दर्शन बुडवलंस तरी काही बिघडत नाही. सगळं पाहिलंच पाहिजे या हट्टापायी दमून कार्यक्रमाला उभे राहणारे मी खूप पाहिलेत. नियोजन करणाऱ्यांना आताच कळव, की कुटुंबाकडच्या मुक्कामात मला शांत जोडीदार द्या. असं सांगणारी तू पहिली नसशील.

अनोळखी कुटुंबांची मात्र धास्ती घेऊ नकोस. कॉयरना घरी उतरवून घेण्याची रीत जुनी आहे. वेल्समधल्या लँगॉलन गावात 1947 पासून आंतरराष्ट्रीय संगीत महोत्सव भरतो, तिथेही सुरुवातीपासून परदेशी गायकांना गावकऱ्यांनी घरांत उतरवलं. 1949 मध्ये तिथे जर्मनीतल्या ल्युबेकचा कॉयर आला, महायुद्ध संपून जेमतेम चार वर्षं झालेली. आपलं काय होईल या भीतीनं ते मंचावर आले, आणि त्यांची ओळख मित्र म्हणून करून दिली गेली, लोकांनी टाळ्यांनी स्वागत केलं. तुझ्यावर तर असलं कुठलंच ओझं नाही. यजमानांना ठाऊक असतं की गाणारी मुलं दमून येतात. ‘आज आवाजाला विश्रांती हवी, मी लवकर झोपते’ असं त्यांच्या भाषेत म्हणायला शिकून घे, आणि ‘आभारी आहे’ तर नक्कीच. निघताना दोघी मिळून त्यांच्या दारात एक छोटंसं गाणं गा. मी दुसरं काही दिलेलं कुणाच्या लक्षात राहिलेलं नाही, ते गाणं राहिलं आहे.

मैत्रिणीसाठी नाव मागे घेऊ नकोस. ती सोप्रानो, तू सेकंड अल्टो, तुझी जागा रिकामी झाली तरी ती तिला मिळणार नाही. दौऱ्याची निवड ही गुणांची यादी नसते, चार आवाजांचा तोल असतो. वरचे आवाज भरपूर मिळतात, खाली स्थिर उभ्या राहणाऱ्या कमी. हे तिला समजावायला मात्र जाऊ नकोस, तिला ते कळतं आणि तरी दुखतं. ‘तुझं नाव नाही याचं मला वाईट वाटतं, आणि मी जातेय याचा मला आनंदही आहे’ एवढं खरं बोल आणि तिला जे वाटेल ते वाटू दे. तिकडून रोज फोटो पाठवू नकोस. तिनं विचारलं तर सगळं सांग.

पैशांचं थोडक्यात. रद्द केल्यास किती परत मिळतात आणि कुठल्या तारखेपर्यंत, हे लेखी विचारून घे, म्हणजे डॉक्टर ‘नको’ म्हणाले तरी अंधारात राहणार नाहीस. विद्यापीठाकडे विद्यार्थ्यांसाठी मदतनिधी आहे का, तेही विचार. विम्यात आजारपणामुळे जाणं रद्द झालं तर भरपाई धरली आहे का, ते पाहा. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने असू दे. आणि घरी घशाबद्दल सांग. ज्यांनी साठवलेलं काढून दिलं त्यांना ही गोष्ट कळायला हवी, आणि त्यांचं ऐकल्यावर तुझ्या डोक्यातला हिशेब बराच हलका होईल असं मला वाटतं.

सरांना भेटून झालं की त्या चौघींना गाठ. त्यांनाही ती संध्याकाळ सांग. पहिली प्रतिक्रिया काय येईल सांगता येत नाही, एखादी चिडेलही. मग पाचही जणी पेन्सिल घेऊन बसा आणि दौऱ्याच्या यादीतल्या प्रत्येक लांब ओळीवर कोण कुठे श्वास घेणार ते प्रत्येकीच्या प्रतीवर लिहून टाका, पाचही नावांनी. शिवाय बाजूला एक वेगळी खूण करा: एखादी आजारी पडली तर तिची जागा कोण झाकणार. तुझ्या नावापुढे जिचं नाव येईल, तिच्या नावापुढे कुठेतरी तुझं लिहिलेलं असेल. ते पान दौऱ्यावर बरोबर ने.

तुझी,
ताई